उठाव कोणाविरुद्ध, आणि केव्हा?
वऱ्हाडच्या पाण्याचा आणि कापसाचा हिशेब

कापसाच्या आयातीवरील ११ टक्के शुल्क केंद्र सरकारने १९ ऑगस्ट २०२५ पासून स्थगित केले. प्रथम ३० सप्टेंबरपर्यंत असलेली ही सवलत नंतर ३१ डिसेंबरपर्यंत वाढविण्यात आली. वस्त्रोद्योगाची ती जुनी मागणी होती आणि अमेरिकेच्या वाढीव आयातशुल्काने अडचणीत आलेल्या कापड निर्यातदारांना तिचा आधारही मिळाला. मात्र अकोला आणि अमरावती जिल्ह्यांतील शेतकऱ्याने जूनमध्ये पेरणी केली, ती शुल्क कायम राहील असे गृहीत धरून. लांब धाग्याच्या कापसाला ८,११० रुपये क्विंटल हमीभाव जाहीर झाला होता. वेचणी तोंडावर आली असताना बाजाराचे गणितच बदलले. निर्णयापूर्वी गिरणीमालकांचे म्हणणे दिल्लीत पोहोचले होते. शेतकऱ्याला निर्णय कळला, तो झाल्यानंतर.

सरकार नागरिकांपेक्षा कंपन्यांचे अधिक ऐकते, ही भावना अशा प्रसंगांतून बळावते. मग नागरिकांनी रस्त्यावर उतरावे काय, हा प्रश्न ओघानेच येतो. वऱ्हाडपुरते बोलायचे तर 'कंपनी सरकार' ही येथे केवळ अलंकारिक भाषा नाही. निजामाच्या थकीत देण्यापोटी १८५३ मध्ये हा प्रांत ईस्ट इंडिया कंपनीच्या ताब्यात गेला, आणि येथील काळ्या मातीतला कापूस हे त्यामागील एक मोठे आकर्षण होते. आजचे सरकार मतांनी निवडलेले आहे. त्यामुळे त्या काळाची तुलना फार ताणता येणार नाही. परंतु मतदान आणि निर्णय यांच्यामध्ये कोण उभे असते, हे तपासावेच लागते.

त्यासाठी अमरावतीच्या सोफिया प्रकल्पाइतके बोलके उदाहरण नाही. मोर्शीजवळील सिंभोरा येथे बांधलेले अप्पर वर्धा धरण सिंचनाच्या नावाने उभे राहिले. अमरावती विभागाचा सिंचन अनुशेष शासनानेच मान्य केलेला होता. शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले, त्यातही सर्वांत मोठा वाटा सिंचनाचा होता. त्याच सुमारास नांदगावपेठ औद्योगिक वसाहतीत इंडियाबुल्स समूहाच्या औष्णिक वीज प्रकल्पाची आखणी झाली आणि त्याला या धरणातून वर्षाला ८७.६ दशलक्ष घनमीटर पाणी मंजूर झाले. विरोधकांच्या हिशेबाने सुमारे २३ हजार हेक्टर सिंचनाला त्याचा फटका बसणार होता. अमरावती शहरही याच धरणाचे पाणी पिते; तेव्हा हा प्रश्न केवळ खेड्याचा नव्हता.

मोर्चे निघाले, धरणे झाली, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात याचिका दाखल झाल्या. या आंदोलनाचे फलित काय, याचे उत्तर एका शब्दात देता येत नाही. राज्याच्या २००३ च्या जलनीतीत पिण्याच्या पाण्यानंतर उद्योगाला आणि त्यानंतर शेतीला स्थान होते. २०११ मध्ये मंत्रिमंडळाने हा क्रम बदलून शेतीला उद्योगाच्या आधी आणले. हा लोकदबावाचा विजय होय. परंतु त्याच वर्षी जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या २००५ च्या कायद्यात दुरुस्ती झाली. क्षेत्रनिहाय पाणीवाटपाचा अधिकार मंत्रिमंडळाकडे गेला आणि मंत्र्यांच्या उच्चाधिकार समितीने आधी केलेल्या वाटपांना पूर्वलक्षी संरक्षण मिळाले. पुढच्या पाण्यावर शेतीचा हक्क आधी, पण दिलेले पाणी दिलेलेच, असा हा न्याय झाला. १,३५० मेगावॉटचा प्रकल्प उभा राहिला; पुढे त्याचे नाव रतनइंडिया झाले.

येथेच उठावाच्या प्रश्नाचे मर्म आहे. संविधान सभेतील २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी संवैधानिक मार्ग खुले असताना कायदेभंग आणि सत्याग्रहाचे मार्ग सोडून द्यावेत, असे बजावले होते. हा इशारा आजही तितकाच मोलाचा आहे. परंतु त्याचा दुसरा अर्धा भाग राज्यकर्त्यांना उद्देशून आहे, हे विसरले जाते: मार्ग खुले ठेवण्याची जबाबदारी त्यांची आहे. ज्या प्राधिकरणापुढे नागरिकाने दाद मागावी, त्याचेच अधिकार काढून घेतले गेले, तर रस्त्यावर आलेल्या माणसाला घटनेचे धडे देण्याचा अधिकार सरकारला उरत नाही.

अकोल्याचा अनुभव याला पूरक आहे. २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने बीटी कापसाचे अतोनात नुकसान केले. डिसेंबरमध्ये माजी केंद्रीय अर्थमंत्री यशवंत सिन्हा यांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी अकोल्यात ठिय्या दिला. तीन दिवसांत राज्य सरकारने मागण्या मान्य केल्या. त्याच महिन्यात कोरडवाहू कापसासाठी हेक्टरी ३०,८०० रुपयांची मदत जाहीर झाली. या आकड्याची फोड पाहिली की खरी गोम कळते. त्यातील ६,८०० रुपये आपत्ती निधीतून, ८,००० विम्यातून आणि तब्बल १६,००० रुपये बियाणे कंपन्यांकडून यायचे होते. कंपन्यांनी ही जबाबदारी मान्य केली नाही. घोषणा सरकारची होती, तिची अर्ध्याहून अधिक रक्कम कंपन्यांच्या खिशातली, आणि वाट पाहणे तेवढे शेतकऱ्याच्या वाट्याचे.

तथापि, वऱ्हाडातील प्रत्येक उठाव कंपनीविरोधी असतो, असेही नाही. जून २०१९ मध्ये अकोट तालुक्यातील अकोली जहागीर येथे शेतकरी संघटनेने मान्यता नसलेल्या तणनाशक-सहनशील कापसाची जाहीर पेरणी करून कायदेभंग केला. त्यांना तंत्रज्ञान हवे होते, बंदी नको होती. पाण्यासाठी उद्योगाला अडवणारा आणि बियाण्यासाठी सरकारची बंदी मोडणारा शेतकरी वरकरणी परस्परविरोधी वाटतो; पण दोघांचे गाऱ्हाणे एकच आहे. आपल्या शेताविषयीचा निर्णय आपल्याला न विचारता झाला.

म्हणून उठावे की नाही, यापेक्षा केव्हा उठावे, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो. सोफियाविरुद्धचा लढा पाणी मंजूर झाल्यानंतर पेटला. अकोल्याचा ठिय्या मागण्या मान्य होताच उठला. ऑक्टोबर २०२५ मध्ये बच्चू कडू यांच्या नेतृत्वाखाली नागपूरवर धडकलेल्या मोर्चालाही अखेर आश्वासनाची तारीखच मिळाली. निर्णयाआधी आणि आश्वासनानंतर, या दोन्ही वेळी मैदान मोकळे राहते आणि नेमक्या त्याच वेळी कंपन्यांचे प्रतिनिधी मंत्रालयात हजर असतात. त्यांना मोर्चा काढावा लागत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने १५ फेब्रुवारी २०२४ रोजी निवडणूक रोखे योजना घटनाबाह्य ठरविली, तेव्हा कोणत्या कंपनीने कोणत्या पक्षाला किती पैसा दिला, हे मतदाराला कळले पाहिजे, हे तत्त्व मान्य झाले. हेच तत्त्व पाण्याला आणि आयातशुल्कालाही लागू व्हायला हवे. धरणाचे पाणी वळविण्याचा प्रस्ताव लाभक्षेत्रातील गावांसमोर आधी यावा. शेतमालाच्या आयातीचे धोरण पेरणीपूर्वी जाहीर व्हावे आणि हंगाम संपेपर्यंत टिकावे. नुकसानभरपाई जाहीर करताना पैसा कोण आणि केव्हा देणार, हे आदेशातच नमूद असावे. या मागण्यांत क्रांतीची भाषा नाही. पण त्या मान्य झाल्या, तर वऱ्हाडच्या शेतकऱ्याला निर्णयाची बातमी ऐकून रस्त्यावर धावण्याची पाळी येणार नाही. निर्णय होताना तोही तेथे असेल.