विचारा, पुसायला लावा, विकू देऊ नका!

कापडाचं दुकान असो, औषधाचं असो की चपलांचं, बिल करताना हल्ली हमखास विचारतात, "मॅडम, मोबाईल नंबर सांगा." आपणही पटकन सांगून मोकळ्या होतो. मागे रांग असते, वाद कोण घालत बसणार? पण तो नंबर, आपलं नाव, आपण काय घेतलं, किती वेळा घेतलं, ही माहिती पुढे कुठे जाते, हे आपण कधी विचारतो का?

अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यातल्या लोकांनी ते विचारलं. आपल्याकडच्या कितीतरी घरांतल्या लेकी-सुना सॅन होजे, फ्रीमॉन्ट, सनीवेल या भागात संसार करताहेत. त्यांना तिथे हा हक्क कायद्याने मिळाला आहे, तो समजून घेण्यासारखा आहे.

या कायद्याची सुरुवात सरकारने केली नाही. अ‍ॅलिस्टर मॅकटॅगर्ट हे सॅन फ्रान्सिस्को भागातले बांधकाम व्यावसायिक. त्यांनी पुढाकार घेऊन सहा लाखांहून जास्त सह्या गोळा करवल्या आणि हा विषय थेट जनतेच्या मतदानाला नेण्याची तयारी केली. मग मात्र आमदारांची धावपळ झाली. मॅकटॅगर्ट यांनी मागणी मागे घ्यावी म्हणून २८ जून २०१८ रोजी विधिमंडळाने कायदा मंजूर केला आणि गव्हर्नरांनी त्याच दिवशी सही केली. १ जानेवारी २०२० पासून तो लागू झाला. नोव्हेंबर २०२० मध्ये मतदारांनीच तो आणखी कडक केला. लोकांनी रेटा लावला की सरकार हलतं, हे तिथेही खरंच!

या कायद्याने ग्राहकाला काय मिळालं? माझ्याबद्दल काय काय गोळा केलंत, ते दाखवा, असं ती कंपनीला विचारू शकते. ते पुसा, चुकलं असेल तर दुरुस्त करा, असं सांगू शकते. आणि माझी माहिती विकू नका, असं बजावू शकते. पाहण्याच्या, पुसण्याच्या आणि दुरुस्तीच्या मागणीला कंपनीने साधारण ४५ दिवसांत उत्तर द्यायचं. हक्क बजावला म्हणून जास्त पैसे उकळायचे नाहीत. सोळा वर्षांखालच्या मुलांची माहिती तर आधी परवानगी घेतल्याशिवाय विकताच येत नाही. तेरा वर्षांखालचं मूल असेल तर ती परवानगी पालकांनी द्यायची.

मैत्रिणींनो, तुम्ही म्हणाल, आमच्या माहितीत असं काय मोठं दडलंय? सेफोरा या सौंदर्यप्रसाधनं विकणाऱ्या कंपनीवर तिथल्या अ‍ॅटर्नी जनरलनी कारवाई केली. २०२२ मध्ये १२ लाख डॉलर भरून ते प्रकरण मिटलं. आरोप काय होता? ग्राहक बाई संकेतस्थळावर कोणतं आयलायनर बघते, गरोदरपणातल्या गोळ्या टोपलीत टाकते का, हे बाहेरच्या कंपन्यांना कळत होतं. विचार करा, जी बातमी सासूला सांगायला आपण तीन महिने थांबतो, ती जाहिरातवाल्याला आधीच! २०२५ मध्ये आरोग्यविषयक लेख देणाऱ्या हेल्थलाइनला १५ लाख ५० हजार डॉलर भरावे लागले. कोण कोणत्या आजाराबद्दल वाचतंय हे जाहिरातदारांपर्यंत पोचत होतं, असा आरोप होता. त्याच वर्षी होंडा कंपनीला सहा लाख डॉलरहून जास्त दंड झाला. 'माहिती विकू नका' एवढं सांगणाऱ्यांकडूनच ती गरजेपेक्षा जास्त माहिती मागत होती! आमच्याकडे साध्या दाखल्यासाठी दहा कागद मागतात, तसाच हा प्रकार.

कायद्यात त्रुटीही आहेत. कोपऱ्यावरच्या छोट्या दुकानाला तो सहसा लागू होत नाही. मोठी उलाढाल असणारे किंवा लाखभर लोकांची माहिती विकत घेणारे-विकणारे, मुख्यतः अशांना तो लागू होतो. माहिती चोरीला गेली तरच ग्राहक स्वतः कोर्टात भरपाई मागू शकतो. बाकी बाबतीत भिस्त सरकारी यंत्रणेवर. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे मोठ्यांच्या बाबतीत 'नको' हे आपणच सांगायचं. गप्प बसलं की कंपनी ते होकारच समजते. नोकरी, स्वयंपाक, मुलं सांभाळणारी बाई शंभर कंपन्यांना पत्रं कधी लिहिणार? म्हणून २०२३ मध्ये तिथे आणखी एक कायदा झाला. माहितीचा धंदा करणाऱ्या नोंदणीकृत दलालांना एकाच अर्जात 'पुसा' म्हणता येईल, अशी सोय १ जानेवारी २०२६ पासून सुरू झाली. दलालांनी त्या अर्जांवर १ ऑगस्ट २०२६ पासून अंमल करायचा, असं कायदा सांगतो. मला हे सगळ्यात शहाणपणाचं वाटतं. हक्क कागदावर देणं सोपं, तो बजावायला लागणारा वेळ वाचवणं महत्त्वाचं.

आपल्याकडे काय? २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. २०२३ मध्ये माहिती संरक्षणाचा केंद्रीय कायदा झाला, नोव्हेंबर २०२५ मध्ये नियम आले. तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू करायच्या आहेत. आपल्या कायद्याचा भर उलट आहे, आधी संमती घ्या, मग माहिती वापरा. ऐकायला छान! पण घाईत, न वाचता, इंग्रजी मजकुराखाली केलेली खूण म्हणजे संमती असेल, तर तिला अर्थ काय? या कायद्याने सूचना इंग्रजीसोबत मराठीतही मागण्याचा पर्याय दिला आहे. तो मागायला शिकायला हवं.

म्हणून बचत गटाच्या पुढच्या बैठकीत, भिशीत हा विषय काढा. बिलासाठी नंबर देण्याची सक्ती करू नका, असं केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने मे २०२३ मध्येच दुकानदारांना सुचवलं होतं, हे एकमेकींना सांगा. कॉलेजात जाणाऱ्या मुलीला मोबाईलमधलं कुठलं अ‍ॅप कोणती परवानगी मागतं, ते बघायला लावा. पदराला गाठ मारून जपलेले पैसे आपण अनोळखी माणसाच्या हातात देत नाही. माहितीचंही तसंच आहे, आणि ती एकदा गेली की पैशासारखी परत कमावता येत नाही.