हमी तलवारीची की कायद्याची?



मंडळात चार माणसे जमली आणि गप्पा राजकारणावर आल्या की एक वाक्य हमखास कानी पडते : "देश दोन-चार वर्षे लष्कराच्या ताब्यात द्या, सगळे सुतासारखे सरळ होतील!" बोलणारे आपलेच असतात आणि त्यांचा वैतागही खरा असतो. पण हा उपाय आम्हाला मान्य नाही. त्याची कारणे शोधायला दूर जायला नको. आपल्या बडोद्याचा इतिहास पुरेसा आहे.

आपल्यापैकी अनेकांचे पूर्वज गायकवाडीत चाकरीसाठी या मुलखात आले. गायकवाडी फौजेच्या पराक्रमाच्या कथा आपण अभिमानाने सांगतो. मात्र १८०२ सालची कथा फारशी सांगत नाही. १८०० मध्ये गोविंदराव गायकवाड वारले. गादीवर आलेले आनंदराव दुर्बळ, तिजोरी रिकामी आणि अरब शिबंदीचा पगार थकलेला. त्या काळी सरकारच्या शब्दावर सावकाराचाही विश्वास नव्हता. म्हणून अरब जमादार जामीन राहत. त्याला 'बहांदारी' म्हणत. कर्जाची आणि जीविताची हमी राज्य नव्हे, तर शस्त्रधारी जमादार देत असे. पुढे फौज कमी करण्याचा प्रश्न निघाला तेव्हा याच अरबांनी थकबाकीसाठी शहर धरले आणि खुद्द महाराजांना कैदेत ठेवले. डिसेंबर १८०२ मध्ये इंग्रज फौजेने वेढा घालून त्यांना शरण आणले. मग बहांदारी गेली कोणाकडे? कंपनी सरकारकडे! १८०५ च्या तहाने फौजेच्या खर्चापोटी धोळका, नडियाद यांसारखे महालही कंपनीला मिळाले. रयतेचा फक्त धनी बदलला.

नेमक्या त्याच काळात फ्रान्समध्ये काय घडत होते? २६ ऑगस्ट १७८९ रोजी तेथे मानवी व नागरी हक्कांचा जाहीरनामा मंजूर झाला. त्याचे बारावे कलम बजावते की सार्वजनिक बळ हे सर्वांच्या हितासाठी आहे, ते ज्यांच्या हाती सोपवले त्यांच्या फायद्यासाठी नाही. या जाहीरनाम्याचा पहिला मसुदा मांडणारा लाफायेत स्वतः सेनानी होता. पण दोनच वर्षांत, १७ जुलै १७९१ रोजी, अर्जावर सह्या करायला जमलेल्या पॅरिसच्या नागरिकांवर त्याच्याच हाताखालच्या रक्षकदलाने गोळ्या झाडल्या. पुढे नोव्हेंबर १७९९ मध्ये जनरल बोनापार्टच्या शिपायांनी संगिनी रोखून लोकप्रतिनिधींना सभागृहाबाहेर काढले. गोंधळाला कंटाळलेल्या कित्येकांना हायसे वाटले. दोन-तीन महिन्यांत पॅरिसची बहुतेक राजकीय वृत्तपत्रे बंद झाली. १८०४ मध्ये सेनापतीचा सम्राट झाला. हक्क लिहिणारा माणूस चांगला होता, पण बंदुकीचा हिशेब नागरिकांच्या हाती राहिला नाही, तेव्हा लिहिलेले हक्क कागदावरच राहिले.

आणखी एक आठवण बडोद्याचीच. १९१७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर बडोदे सरकारात मिलिटरी सेक्रेटरी म्हणून रुजू झाले. हुद्दा लष्करी आणि मोठा होता, तरी शहरात त्यांना राहायला जागा मिळेना. अखेर नोकरी सोडून ते मुंबईस परतले. हुद्द्याने माणूस नागरिक होत नाही, हा धडा त्यांनी सोसून शिकला. पुढे त्यांच्याच अध्यक्षतेखालील समितीने घटनेचा मसुदा तयार केला. त्या घटनेत सेनादलांचे सर्वोच्च आधिपत्य राष्ट्रपतींकडे आहे, पण त्याचा वापर कायद्याने नियंत्रित होतो आणि लष्कराच्या खर्चाला संसदेची मंजुरी लागते.

सीमेवरच्या जवानाबद्दल आम्हाला नितांत आदर आहे. आपले लष्कर कायद्याच्या चौकटीत राहिले, हाच त्याचा मोठा मान आहे. शिस्त हवी असेल तर ती जनरलकडे मागू नका. ग्रामसभेला जा, २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली अर्ज करा, निवडून दिलेल्या माणसाला हिशेब विचारा. हे काम कंटाळवाणे आहे खरे. पण ते टाळले की पुन्हा कोणातरी जमादाराची बहांदारी नशिबी येते.