पालकाविरुद्धचा अर्ज पालकामार्फत

अज्ञान मुलाच्या इस्टेटीची वहिवाट पालकाने पाहावी, तिचा हिशेब द्यावा आणि मूल सज्ञान होताच ताबा त्याच्या स्वाधीन करावा, हा कायदा साधा आहे. त्यात गोम एवढीच की, मूल सज्ञान झाले हे कोणी ठरवावयाचे? तो अधिकार पालकाच्याच हाती ठेवला, तर मूल म्हातारे होऊन मेले तरी अज्ञानच राहील. नैऋत्य आफ्रिका, म्हणजे आजचा नामिबिया, या देशाच्या वाट्याला १९२० ते १९९० अशी सत्तर वर्षे हेच पालकत्व आले.

हा मुलूख पूर्वी जर्मनीचा. १९०४ ते १९०८ या काळात जर्मन फौजांनी हेरेरो आणि नामा या लोकांची भीषण कत्तल केली. पहिल्या महायुद्धात जर्मनी हरली. तिच्या वसाहती जेत्यांनी उघडपणे वाटून घेणे तेव्हा प्रशस्त दिसेना, म्हणून राष्ट्रसंघाच्या सनदेच्या २२ व्या कलमात मँडेटची योजना आली. जे लोक अद्याप स्वतःच्या पायांवर उभे राहू शकत नाहीत, त्यांचे कल्याण ही सुसंस्कृत जगाकडे सोपविलेली पवित्र ठेव आहे, असे ते कलम सांगते. ('पवित्र' हा शब्द कानी पडला की आपल्या वाचकांनी अंमळ सावध व्हावे.) ही ठेव १९२० साली दक्षिण आफ्रिकेच्या स्वाधीन झाली आणि तीही 'क' वर्गात, म्हणजे आपल्याच देशाचा भाग समजून आपलेच कायदे तेथे चालविण्याच्या मुभेसह. ज्या सरकारने स्वतःच्या घरी काळ्या माणसाला जमिनीचा व मताचा हक्क नाकारला होता, त्याच्याच हाती ही ठेव पडली!

पुढे काय झाले ते १९२२ सालीच दिसले. बाँडेलस्वार्ट्स नावाची नामांची एक जमात होती. कुत्र्यांच्या साहाय्याने शिकार करून आणि गुरे राखून ती पोट भरी. सरकारने कुत्र्यांवर जबर कर बसविला. तो भरण्यास पैसा हवा, आणि पैसा मिळवावयाचा तर गोऱ्या मळेवाल्याची चाकरी धरणे भाग. जमातीने नकार दिला तेव्हा तिच्यावर विमानांतून बाँब टाकण्यात आले. सुमारे शंभर माणसे मेली, त्यांत बायकामुलेही होती. राष्ट्रसंघाच्या मँडेट समितीने दोष दिला, पण मँडेट काढून घेतले नाही.

रहिवाशांना दाद मागता येत नव्हती काय? येत होती! मात्र राष्ट्रसंघाने १९२३ साली केलेल्या नियमांप्रमाणे हा अर्ज मँडेटधारी सरकारमार्फतच पाठवावा लागे, आणि ते सरकार त्यावर आपला शेरा मारून तो पुढे धाडी. म्हणजे पालकाविरुद्धची तक्रार पालकाच्याच टपालातून! वकिलीत अनेक चमत्कारिक तरतुदी पाहावयास मिळतात, परंतु हिच्या तोडीची क्वचितच.

राष्ट्रसंघ १९४६ साली विसर्जित झाला. त्याच वर्षी स्मट्स यांनी हा मुलूख दक्षिण आफ्रिकेत विलीन करण्याची परवानगी संयुक्त राष्ट्रसंघाकडे मागितली. टोळीप्रमुखांमार्फत विचारणा केली असता दोन लाखांहून अधिक रहिवाशांनी संमती दिली, असा दावा करण्यात आला. आमसभेने ती मागणी फेटाळली. हेरेरोंचे वृद्ध नेते होसिया कुटाको यांना देशाबाहेर पडण्याची मुभा नव्हती, म्हणून त्यांच्या लोकांचे म्हणणे १९४९ साली मायकेल स्कॉट या पाद्र्यास संयुक्त राष्ट्रसंघाच्या समितीपुढे मांडावे लागले. पुढल्या वर्षी आंतरराष्ट्रीय न्यायालयाने अभिप्राय दिला की मँडेट जिवंत आहे, त्यावरील देखरेख आता संयुक्त राष्ट्रसंघाकडे आहे, आणि मुलखाचा दर्जा एकतर्फी बदलण्याचा अधिकार दक्षिण आफ्रिकेस नाही. १९५६ साली त्याच न्यायालयाने अर्जदारांचे तोंडी म्हणणे ऐकण्यास हरकत नाही, असेही सांगितले. तोंड उघडण्याची परवानगी मिळावयास छत्तीस वर्षे लागली!

यानंतर तीन वर्षांनी, १० डिसेंबर १९५९ रोजी, म्हणजे मानवी हक्क दिनीच, विंडहूक येथे गोळीबार झाला. शहरालगतची काळ्या लोकांची जुनी वस्ती उठवून त्यांना दूरच्या जागी हाकलण्याचा घाट घातला होता, त्यास लोकांनी विरोध केला. अकरा माणसे ठार झाली. नव्या वस्तीस लोकांनीच नाव दिले : काटुटुरा, म्हणजे जेथे आम्हांस राहावयाचे नाही ती जागा. माणसाने कोठे राहावे हे दुसऱ्याने नेमून देणे म्हणजे काय, हे या पत्राच्या वाचकांस समजावून सांगण्याची गरज नाही.

आता १९६६ च्या निकालाकडे वळतो. इथिओपिया व लायबेरिया या राष्ट्रसंघाच्या जुन्या सभासदांनी १९६० साली दावा गुदरला होता. वर्णभेदाचा कारभार हा मँडेटचा भंग आहे, असे त्यांचे म्हणणे. दावा चालविता येईल असे १९६२ साली आठ विरुद्ध सात मतांनी ठरले. त्यानंतर १८ जुलै १९६६ रोजी मते सात-सात झाली आणि अध्यक्षांच्या निर्णायक मताने दावा निकालात निघाला. कारण काय, तर वादींचा या विषयात कायदेशीर हितसंबंधच नाही! वर्णभेद न्याय्य की अन्याय्य, या प्रश्नास न्यायालयाने हातही लावला नाही. न्यायाधीशांनी कायदा पाहावा, कळवळा पाहू नये, असे या निकालाचे समर्थक म्हणतात. तत्त्व म्हणून ते आम्हांसही मान्य आहे. परंतु या कायद्याचा परिणाम पाहा. रहिवासी दावा करू शकत नाहीत, कारण ते राष्ट्र नव्हेत. राष्ट्रे करू शकत नाहीत, कारण त्यांचा संबंध नाही. राष्ट्रसंघ करू शकत नाही, कारण तो वीस वर्षांपूर्वीच मेला. हक्क कागदावर शाबूत, पण तो मागणारा पृथ्वीवर कोणीही नाही! अशा हक्काला आम्ही हक्क म्हणण्यास तयार नाही.

त्याच वर्षी आमसभेने मँडेट रद्द केले आणि स्वापो या संघटनेने शस्त्र उचलले. १९७१ साली न्यायालयानेच तेरा विरुद्ध दोन मतांनी दक्षिण आफ्रिकेचे तेथील वास्तव्य बेकायदा ठरविले. त्या सुनावणीत भारतानेही आपली बाजू मांडली होती. तरी ताबा सुटण्यास आणखी एकोणीस वर्षे गेली. १९८९ च्या निवडणुकीच्या वेळी तेथे असलेल्या संयुक्त राष्ट्रसंघाच्या सैन्याचे प्रमुख भारताचे लेफ्टनंट जनरल दिवाण प्रेमचंद होते. २१ मार्च १९९० रोजी देश स्वतंत्र झाला. वॉल्व्हिस बे हे बंदर मात्र मँडेटच्या मुलखाबाहेरचे असल्याच्या सबबीवर दक्षिण आफ्रिकेने आणखी चार वर्षे, १९९४ पर्यंत, आपल्याकडे ठेवले.

जर्मनीने २०२१ साली त्या जुन्या कत्तलीस वंशसंहार म्हटले आणि तीस वर्षांत एक अब्ज दहा कोटी युरो देऊ केले. हा मसुदा दोन्ही सरकारांनी आपसांत ठरविला. वाटाघाटींत आमच्या प्रतिनिधींस स्वतंत्र स्थान का दिले नाही, हा हेरेरो व नामा वंशजांचा आक्षेप २०२३ साली विंडहूकच्या उच्च न्यायालयात पोहोचला. या वेळी अर्ज त्यांनी स्वतःच्या नावाने केला आहे.