लेकराला समुद्र दाखवायचा आहे

परवा कौंडण्यपूरच्या घाटावर कुऱ्ह्याकडच्या एक ताई भेटल्या. विठ्ठल-रुक्मिणीचे दर्शन आटोपले होते आणि सात-आठ वर्षांचा मुलगा वर्धेच्या पाण्यात पाय बुडवून बसला होता. ताई म्हणाल्या, "काका, याले समुद्र पाह्यचा हाय. जथी मोटारी नाही, अन् नावेत बसाले भेटते, अशा जागी न्याव म्हन्ते. कोठी जाव?"

प्रश्न साधा, पण उत्तराला अर्धा तास लागला. तेच आज आपल्यापुढे मांडतो, कारण असा प्रश्न पुष्कळ घरांत असेल.

मोटार नसलेले बेट आपल्याला एका रात्रीच्या प्रवासावर आहे. मुंबईच्या गेटवेसमोरचे घारापुरी. लाँचने सुमारे तासाभरात पोहोचता येते. बेटावर शेतबंदर, मोराबंदर व राजबंदर अशी तीन गावे आहेत. वीज तिथे समुद्राखालून केबल टाकून 2018 साली आली, तोवर रात्री जनरेटरवर भागत असे. धक्क्यापासून पायथ्यापर्यंत छोटी झुकझुक गाडी आहे, पुढे लेण्यांपर्यंत सुमारे 120 पायऱ्या. चढताना मुलाचा हात सोडला तरी मागून भोंगा वाजत नाही. मोंढ्यात किंवा बसस्टँडवर पोराचे मनगट घट्ट धरून चालणाऱ्या आईला हे सुख काय असते ते वेगळे सांगायला नको.

आता बेत. आपल्याकडे दिवाळीच्या सुट्टीत कापूस वेचायला आलेला असतो, तेव्हा घर सोडवत नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत दमट उकाडा आणि पुढे मृगाची धांदल. शिवाय मेअखेरीपासून ऑगस्टअखेरपर्यंत किनाऱ्यावरच्या बऱ्याच बोटी बंद असतात. म्हणून मला संक्रांतीनंतरचा आठवडा बरा वाटतो. शाळा एक-दोन दिवस बुडेल. गुरुजींना आधी सांगून ठेवावे. गुरुवारी संध्याकाळी अमरावतीहून मुंबईची गाडी धरावी. ती सकाळी मुंबईत सोडते. स्टेशनावरच तोंड धुवून, चहा घेऊन, नऊच्या सुमारास गेटवेवर हजर व्हावे. शुक्रवारी शनिवार-रविवारपेक्षा गर्दी कमी. सोमवारी लेणी बंद असतात, तो वार मात्र टाळाच. त्याच रात्री परतीची गाडी. दोन रात्री गाडीत, एक दिवस समुद्रावर. लॉजचा खर्च नाही आणि शेजाऱ्याला म्हशीची धार एकच दिवस काढावी लागते. बेटावर पर्यटकांना रात्री राहता येत नाही, म्हणून परतीच्या लाँचची वेळ उतरतानाच विचारून घ्यावी. पाच ते बारा वर्षांच्या मुलाला स्वतंत्र बर्थ घेतला तर रेल्वे पूर्ण भाडे घेते, न घेतला तर अर्धे. आईजवळ झोपणारे लेकरू असेल तर तेवढे पैसे वाचतात.

लेण्यांत मुलाला काय दाखवावे? त्रिमूर्ती तर आहेच, सुमारे वीस फुटांची. पण माझ्या नातवाने सर्वांत जास्त वेळ रावणापाशी घालवला. कैलास पर्वत हलवू पाहणारा रावण त्याला आमच्या गावच्या कुस्तीतल्या पहिलवानासारखा वाटला. शिवपार्वतीच्या लग्नाचे शिल्पही आहे. रुक्मिणीच्या माहेरच्या मुलांना लग्नाची गोष्ट ऐकायला आवडते, ती तिथे बसून सांगावी. डबा मात्र माकडांपासून जपावा. आमची शेंगदाण्याची चटणी त्यांनीच संपवली.

वल्हे मारायची हौस? ती समुद्रात भागवू नये. लाँचमध्ये आपण प्रवासी, तिथे वल्हे नसते आणि असायलाही नको. ती हौस चिखलदऱ्याच्या शक्कर तलावात भागते. तिथे पायाने चालवायच्या नावा मिळतात. मोटारी तिथे आहेत खऱ्या, पण पाण्यावर नाहीत. माझा सल्ला असा, की आधी हे करावे आणि मग समुद्र. मुलाला पाण्याची हालचाल कळते, उभे राहिले की नाव कलते हे कळते, आणि आईबापालाही आपले लेकरू घाबरते की बिनधास्त होते ते कळते. दुसऱ्या प्रकारच्या मुलाची मला जास्त काळजी वाटते.

याच्याही आधी घाट. आपल्याकडे पूर्वी पाठीला कोरडा भोपळा नाहीतर रिकामा डबा बांधून विहिरीत पोहायला शिकवीत. आता बोअर झाले, विहिरी ओस पडल्या, आणि नदीकाठची मुलेसुद्धा पोहणे न शिकता मोठी होतात. उन्हाळ्यात, कमी पाण्यात, जाणत्या माणसाने शिकवावे. वाळू उपसलेल्या पात्रात गुडघाभर पाण्याशेजारी पुरुषभर खड्डा असू शकतो. आणि पावसाळ्यात सिंभोऱ्याच्या धरणाचे दरवाजे उघडले की आपल्याकडे आभाळ कोरडे असूनही पाणी चढते. त्या दिवसांत घाटावर फक्त दर्शन.

मी भीती घालतो असे कुणाला वाटेल. पण 14 सप्टेंबर 2021 रोजी याच वर्धेत, वरुड तालुक्यातल्या झुंज येथे, दशक्रियेला आलेल्या माणसांची नाव उलटली आणि 11 जण गेले. पुढे 18 डिसेंबर 2024 रोजी घारापुरीला निघालेल्या नीलकमल बोटीवर नौदलाची वेगाने जाणारी बोट आदळली, त्यात 15 माणसे गेली. तेव्हापासून त्या बोटींवर लाइफ जॅकेट सक्तीचे झाले. म्हणजे प्रश्न नदी की समुद्र हा नाही. दोन्हीकडे लाइफ जॅकेट अंगावर असले पाहिजे, बाकाखाली नव्हे.

त्यातही एक गोम आहे. काही वर्षांपूर्वी एका तलावावर नावाड्याने माझ्या नातवाला मोठ्या माणसाचे जॅकेट घातले. मी सहज खांद्याच्या पट्ट्या धरून वर ओढले, तर जॅकेट कानापर्यंत आले आणि पोरगा आत खालीच राहिला. पाण्यात हेच झाले असते. "लहान मापाचे नाही, पण काही होत नाही," असे नावाडी म्हणाला. आम्ही उतरलो. नातू रडला, सूनबाई रुसली, तिकिटाचे पैसेही गेले. त्यानंतर मी लहान मापाचे, पायांतून पट्टा येणारे जॅकेट अमरावतीहून विकत आणले. ते घरात टांगलेले होते. गल्लीतली चार मुले वापरून झाली आणि नातवाला आता ते लहान होते.

बोट लागण्याची भीती असेल तर सकाळी पोट भरून खाऊ घालू नये, रिकामेही ठेवू नये. दोन बिस्किटे आणि आल्याचा तुकडा पुरतो. मुलाला लाँचच्या मध्यभागी बसवून दूरच्या क्षितिजाकडे बघायला सांगावे. पाण्याची बाटली घरूनच भरून न्यावी.

ताईंना मी शेवटी विचारले, "पोराले पवता येते काय?" त्यांनी मान हलवली. मग मुलालाच विचारले. तो म्हणाला, "नाई, पन शिकीन." संक्रांतीला अजून वेळ आहे. जॅकेट मी त्याच दिवशी त्यांच्या हाती दिले, त्याच्या मापाला बरोबर बसले.