मुंबईचा हॉकी संघ कोठे गेला?

सात वर्षांच्या खंडानंतर २०२४ च्या डिसेंबरात हॉकी इंडिया लीग पुन्हा सुरू झाली, तेव्हा तिच्यात पुरुषांचे आठ संघ होते. बंगालचा होता, कलिंगचा होता, तामिळनाडूचा, हैदराबादचा, दिल्लीचा, पंजाबचा, उत्तर प्रदेशाचा आणि विशाखापट्टणमचाही होता. मुंबईचा नव्हता. पुण्याचा नव्हता. महाराष्ट्रातील एकाही गावाचे नाव त्या यादीत नव्हते. याबद्दल कोणी मोर्चा काढला नाही, कोणा मंत्र्याने निवेदन केले नाही, आणि कोणा पदाधिकाऱ्याला खुलासा करावासा वाटला नाही. ज्या शहरात चर्चगेटपासून हाकेच्या अंतरावर हॉकीचे स्वतंत्र क्रीडांगण उभे आहे, त्या शहराला लीगमधून वगळले गेले आणि कोणाला त्याचे काही वाटले नाही, ही वस्तुस्थिती आम्हांला संघाच्या एखाद्या दारुण पराभवापेक्षा अधिक चिंताजनक वाटते.

हॉकीचा मुंबईकर प्रेक्षक उदासीन झाला आहे, असा आरोप संघटनांचे चालक नेहमी करतात. हा आरोप करण्यापूर्वी त्या प्रेक्षकाच्या वाट्याला काय आले, हे एकदा पाहावयास हवे. २००५ साली प्रीमियर हॉकी लीग निघाली आणि आपल्याला ‘मराठा वॉरियर्स’ हा संघ मिळाला. धनराज पिल्लेसारखा खडकीच्या मातीत वाढलेला खेळाडू त्या संघात होता, त्यामुळे नाव सार्थ वाटले. पण पहिल्या वर्षीचे सामने झाले हैदराबादला! मराठ्यांनी मुलूखगिरी करावी हे इतिहासाला धरून असले, तरी स्वतःच्या मुलखात त्यांना कधी पाहावयासच मिळू नये, हे काही ठीक नव्हे. चार हंगामांनंतर, २००८ मध्ये, ती लीग संपली. २०१२ मध्ये वर्ल्ड सीरिज हॉकी आली. मुंबई मरीन्स आणि पुणे स्ट्रायकर्स असे दोन संघ आपल्याला लाभले. पुण्याच्या संघाने तर अंतिम सामना गाठला. तो सामना मुंबईतच झाला आणि पंजाबकडून पुणे हरले. हरले तरी पुढल्या वर्षी पाहून घेऊ, असे म्हणत लोक घरी गेले. पुढले वर्ष उजाडलेच नाही. त्या स्पर्धेचा दुसरा हंगाम कधी झाला नाही.

त्यानंतर २०१३ मध्ये हॉकी इंडिया लीग आणि तिच्याबरोबर ‘मुंबई मॅजिशियन्स’. रिक चार्ल्सवर्थ यांच्यासारखा जगन्मान्य प्रशिक्षक लाभूनही हा संघ पहिल्याच वर्षी तळाशी राहिला. पुढे तो संघ गेला, ‘दबंग मुंबई’ आला. तोही आरंभी धडपडला. पण हळूहळू सावरला आणि २०१७ मध्ये अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला. तेथे कलिंग लान्सर्सने त्याला हरविले. म्हणजे मुंबईचा संघ जिंकावयास शिकू लागला होता. नेमक्या त्याच वेळी लीगच गुंडाळली गेली.

बारा वर्षांत पाच नावे, पाच गणवेष, तीन निरनिराळ्या स्पर्धा! २००५ साली दहा वर्षांचा असलेला मुलगा २०१७ साली बावीस वर्षांचा झाला. या काळात त्याने निष्ठा वाहावी तरी कोणावर? परदेशांत वडील आपल्या मुलाला ज्या संघाच्या सामन्याला नेतात, त्याच संघाच्या सामन्याला तो मुलगा पुढे आपल्या मुलाला नेतो. संघ वर्षानुवर्षे हरतो, लोक चिडतात, मालकाला शिव्या मोजतात, आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा तिकीट काढतात. त्यांच्या चिडण्याला अर्थ असतो, कारण ज्याच्यावर चिडावयाचे तो संघ उद्याही तेथेच असणार असतो. आमच्या प्रेक्षकाला चिडण्याचे हे सुखसुद्धा मिळाले नाही. त्याचा राग निवण्यापूर्वी संघच नाहीसा होतो.

मुंबईला हॉकीचे वळण नाही, असे म्हणणाऱ्याने थोडा इतिहास वाचावा. आगाखान स्पर्धा हे या शहराचे जुने वैभव. १९४८ मध्ये लंडनला सुवर्णपदक जिंकणाऱ्या स्वतंत्र भारताच्या पहिल्या ऑलिंपिक संघाचा गोलरक्षक लिओ पिंटो मुंबईच्या मैदानांवर खेळलेला. जोकिम कार्व्हालो, मर्विन फर्नांडिस, सोमय्या ही नावे तर आज साठीत असलेल्या मुंबईकराला पाठ आहेत. वांद्र्याच्या व भायखळ्याच्या गोमंतकीय घरांतून हॉकीची काठी क्रिकेटच्या बॅटीइतकी सहज दिसत असे. रेल्वेचे संघ होते, बँकांचे होते, तेल कंपन्यांचे होते, महिंद्रांचा होता. त्या संघांना मालकाने दिलेले चमकदार नाव नव्हते, पण कचेरी सुटल्यावर तेथला कारकून ‘आपल्या’ संघाचा सामना पाहावयास जात असे. व्यावसायिक लीगने त्या जुन्या निष्ठेची जागा घेण्याचे वचन दिले. जुने गेले, नव्याने मूळ धरले नाही.

हे असे का झाले, याचे उत्तर मैदानावर सापडणार नाही. ते कचेऱ्यांत शोधावे लागेल. २००८ नंतर काही वर्षे भारतीय हॉकीला दोन मालक होते. इंडियन हॉकी फेडरेशन म्हणे, अधिकार आमचा. हॉकी इंडिया म्हणे, आमचा. फेडरेशनच्या आश्रयाने वर्ल्ड सीरिज निघाली, तिला आंतरराष्ट्रीय संघटनेने मान्यता दिली नाही. मग हॉकी इंडियाने आपली लीग काढली. पेशवाईतील बारभाईंनी निदान काही काळ राज्य राखले होते. येथील बारभाईंना एक स्पर्धाही राखता आली नाही.

आणि या कचेऱ्यांची कीर्ती तरी काय? १९९८ मध्ये बँकॉकला बत्तीस वर्षांनंतर आशियाई सुवर्णपदक आले. त्याचे बक्षीस म्हणून कर्णधार धनराजसह सात ज्येष्ठ खेळाडूंना पुढील संघातून बाहेर ठेवण्यात आले; विश्रांतीसाठी, असे सांगितले गेले. ज्या शाळेत पहिल्या आलेल्या विद्यार्थ्यांना ‘विश्रांतीसाठी’ वरच्या वर्गात घेत नाहीत, त्या शाळेच्या मुख्याध्यापकाला पालकांनी काय विचारले असते? २००४ मध्ये अथेन्स ऑलिंपिक तोंडावर आले असता प्रशिक्षक बदलण्यात आला. २००८ च्या मार्चमध्ये चिलीतील सांतियागो येथे ब्रिटनकडून हरून भारत ऑलिंपिकला मुकला. १९२८ पासून असे कधी घडले नव्हते. प्रशिक्षक कार्व्हालो यांनी राजीनामा दिला. फेडरेशनच्या धुरीणांना मात्र तशी निकड भासली नाही. पुढल्याच महिन्यात फेडरेशनचे चिटणीस संघनिवडीसाठी पैसे स्वीकारताना छुप्या कॅमेऱ्यात दिसले, तेव्हा कोठे ऑलिंपिक संघटनेने फेडरेशन निलंबित केले. पराभवाने जे झाले नाही, ते कॅमेऱ्याने केले.

नवे घर तरी चांगले निघावे! २०१० च्या जानेवारीत, विश्वचषक दिल्लीत भरावयास दोन महिनेही उरले नसताना, पुण्याच्या शिबिरातील राष्ट्रीय खेळाडूंनी थकलेल्या पैशांसाठी सराव बंद केला. त्यांचे मागणे अवाजवी नव्हते, आणि ते मागण्याची वेळ त्यांच्यावर यावी ही आपल्याच गावात घडलेली लाजिरवाणी गोष्ट होती. दोन वर्षांनी लंडनला भारत बारा संघांत बारावा आला. मग परदेशी प्रशिक्षकांची रांग लागली. टेरी वॉल्श यांनी २०१४ मध्ये आशियाई सुवर्ण मिळवून दिले आणि काही आठवड्यांत ते गेले. पॉल व्हॅन अस यांना २०१५ मध्ये वर्षही पुरे करता आले नाही. ओल्टमन्स २०१७ मध्ये गेले. मारिन महिला संघावरून पुरुष संघावर आणले गेले आणि आठ-नऊ महिन्यांत परत महिला संघाकडे धाडले गेले. त्यांच्या जागी आलेले हरेंद्रसिंग विश्वचषकानंतर महिनाभरात, म्हणजे २०१९ च्या जानेवारीत, गेले. एवढ्या बदल्या तर महसूल खात्यातही होत नाहीत! २०२२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने हॉकी इंडियातील आजीव अध्यक्ष व आजीव सभासद ही पदे बेकायदेशीर ठरविली. प्रशिक्षकांना महिन्यांचा भरवसा नाही आणि पदाधिकारी मात्र तहहयात, अशी ती व्यवस्था होती.

त्यानंतर दिलीप तिर्की यांच्यासारखा ऑलिंपिक खेळलेला माणूस अध्यक्ष झाला, याचे आम्हांला समाधान आहे. पण २०२४ च्या फेब्रुवारीत महिला संघाच्या प्रशिक्षक यानेके शॉपमन यांनी आपल्याला येथे मान मिळत नाही असे उघड सांगून पद सोडले, आणि पाठोपाठ मुख्य कार्यकारी अधिकारी एलेना नॉर्मन यांनी संस्थेतील गटबाजीकडे बोट दाखवून राजीनामा दिला. संघटनेचे चालक मात्र आमच्यात एकजूट आहे असेच सांगत राहिले.

आता एक युक्तिवाद हमखास पुढे केला जाईल. टोकियोत एकेचाळीस वर्षांनी पदक आले, पॅरिसला पुन्हा आले, २०२५ च्या सप्टेंबरात राजगीरला कोरियाला ४-१ असे हरवून आशिया चषक जिंकला. मग तक्रार कसली? पदकांचा आनंद आम्हांलाही आहे. टोकियोतील तो सामना पाहताना ज्यांचे डोळे पाणावले नाहीत असे हॉकीप्रेमी फार थोडे असतील. परंतु त्याच २०२५ च्या जूनमध्ये प्रो लीगमध्ये पुरुष संघ ओळीने सात सामने हरला आणि नऊ संघांत आठवा आला. महिला संघ तळाशी राहून त्या स्पर्धेतून खाली गेला. आशिया चषकाने जूनच्या प्रश्नांची उत्तरे दिली नाहीत, ते विचारण्याचे धैर्य तेवढे कमी केले. विजयाच्या दिवशी प्रश्न विचारणे अशुभ आणि पराभवाच्या दिवशी विचारणे देशद्रोह, असे ठरले तर प्रेक्षकाने बोलावयाचे केव्हा?

आमच्या मते या रोगाचे मूळ अर्थव्यवहारात आहे. २०१८ पासून ओडिशा सरकारने राष्ट्रीय संघांचा भार उचलला. त्याबद्दल त्या राज्याचे ऋण मान्य केलेच पाहिजे. भुवनेश्वर आणि राउरकेला येथे त्यांनी जी क्रीडांगणे उभारली, तशी उभारण्याची बुद्धी आमच्या श्रीमंत महाराष्ट्राला झाली नाही, हा दोष ओडिशाचा नव्हे. पण याचा एक परिणाम झाला. हॉकीच्या चालकांना प्रेक्षकाच्या तिकिटाची गरज उरली नाही. २०२४-२५ च्या लीगचे सामने राउरकेलात आणि रांचीत झाले. चेन्नईच्या माणसाने आपला तामिळनाडूचा संघ दूरचित्रवाणीवर पाहावा, कोलकात्याच्या माणसाने आपला बंगालचा संघ तसाच पाहावा. बंगालने अजिंक्यपद मिळविले, तेही राउरकेलात. ज्या संघाला घरचे मैदान नाही, त्याचा प्रेक्षक रागावला तरी त्याचा आवाज पोहोचणार कोठे? नाटक कंपनीला आश्रयदाता राजा मिळाला की ती पिटातल्या प्रेक्षकाची पर्वा करीनाशी होते, आणि राजाची मर्जी फिरली की तिचा पडदा उघडत नाही.

प्रेक्षकांनाही दोन शब्द सांगितले पाहिजेत. २०२१ च्या ऑगस्टमध्ये टोकियोत महिला संघ उपान्त्य सामना हरला, तेव्हा हरिद्वारजवळ वंदना कटारिया हिच्या घरासमोर काही लोकांनी जमून तिच्या कुटुंबाला जातीवरून अपशब्द वापरले. त्याला संताप म्हणत नाहीत. तो गुन्हा आहे. २०१३ मध्ये लीगसाठी आलेल्या नऊ पाकिस्तानी खेळाडूंना निदर्शनांमुळे खेळल्याविना परत जावे लागले, त्यात मुंबईचाही भाग होता. सीमेवरील घटनांचा क्षोभ खरा होता. पण त्याची किंमत तळाला गेलेल्या मुंबईच्या संघाने आणि त्याच्या मूठभर प्रेक्षकांनी मोजली, ज्यांनी खेळाडूंना बोलावले त्यांनी नव्हे. प्रेक्षकाने रागवावे, पण कोणावर रागवावयाचे हे नीट ओळखावे. चुकलेल्या पेनल्टी कॉर्नरचा जाब अठरा-वीस वर्षांच्या पोराला विचारण्यापेक्षा, त्याला तीन वर्षांत तीन प्रशिक्षक कोणी दिले, हे विचारणे अधिक न्यायाचे आहे.

लीगमध्ये संघ विकत घेणाऱ्याकडून निदान दहा वर्षांची हमी घेतली जावी, आणि हंगामातील काही सामने तरी त्याने ज्या शहराचे नाव घेतले त्या शहरात खेळण्याचे बंधन असावे. मुंबईचे नाव लावून कोणी पुन्हा संघ काढणार असेल, तर त्याने पहिला करार खेळाडूशी न करता मैदानाशी करावा. आणि महाराष्ट्रातील हॉकीच्या चालकांनी एवढे तरी जाहीर करावे: २०२४ मध्ये आठ संघांची नावे ठरत असताना मुंबई किंवा पुण्यासाठी कोणाशी बोलणी केली होती का? केली असल्यास ती कोठे फिसकटली? केली नसल्यास, न करण्याचा निर्णय कोणत्या सभेत, कोणाच्या सह्यांनी झाला? उत्तर लेखी यावे. आम्ही ते या पृष्ठावर, याच जागी छापू.