ज्वारीचं पाणी
तणनाशकाची बाटली आणायला तालुक्याला निघालेल्या शेतकऱ्याच्या खळ्यात कडब्याची गंजी उभी असते, ही मला मोठी गंमत वाटते. ज्वारीच्या मुळांवरच्या बारीक केसांतून सॉर्गोलिओन नावाचं तेलकट द्रव्य पाझरतं आणि शेजारच्या कोवळ्या तणाचं प्रकाशसंश्लेषण रोखतं. ताटांतही तण दाबणारी, पाण्यात उतरणारी द्रव्यं असतात. पाकिस्तानात फैसलाबादच्या कृषी विद्यापीठातल्या संशोधकांनी ज्वारीची वाळली ताटं भिजवून अर्क काढला, त्याला ‘सॉर्गाब’ म्हटलं आणि गव्हावर फवारला. तण घटलं, संपलं नाही. मग तोच अर्क त्यांनी नेहमीच्या तणनाशकाच्या कमी मात्रेत मिसळून वापरला, आणि मला ही तडजोड ‘शंभर टक्के नैसर्गिक’च्या जाहिरातीपेक्षा कितीतरी प्रामाणिक वाटते. वनस्पतीचं म्हणजे निरुपद्रवी, हे कुणी सांगितलं? गाजर गवतातलं पार्थेनिनही वनस्पतीचंच, ते उपटणाऱ्याच्या हातांना विचारा! ज्वारीचा बेवड पुढच्या पिकाला नडतो, हेही आपल्याकडे जुनंच. उलट प्रयोगशाळेतली औषधंही कधी झाडाचंच बोट धरून येतात: कॅलिफोर्नियात बॉटलब्रशच्या झाडाखाली तण फारसं उगवत नाही, हे १९७७ साली एका संशोधकाने हेरलं आणि त्यातल्या लेप्टोस्पर्मोनच्या धाग्यावरून मक्यावर फवारायचं मेसोट्रायोन हे तणनाशक घडलं. घरगुती अर्काची अडचण मात्र साधी आहे. मातीतले जिवाणू तो लवकर खाऊन टाकतात. पर्यावरणाला हे बरंच, पण फवारणी पुन्हा करायची, तर मजुरी कोण देणार?