शेवटच्या स्थानकापर्यंत

गेल्या वर्षीच्या विज्ञान प्रदर्शनात आमच्या मुलांनी भोपाळ ते इटारसी हा लोहमार्ग शाळेच्या सभागृहात मांडला होता. दहा मीटर लांब मेजांच्या रांगेवर बरखेड्याचा घाट, बुदनी, नर्मदेवरील पूल अशी सारी शोभा होती. गाडी भोपाळहून डौलाने निघे, ओबेदुल्लागंजला मंदावे आणि पुलावर पोचताच थांबे. पाहुणे येण्याची वेळ झालेली. इंजिन सांभाळणाऱ्या नववीच्या मुलाला मी सर्वांदेखत बोललो. "सर, इंजन तो ठीक है, भोपाल में दौड़ता है," तो हळूच म्हणाला. मी ऐकून घेतले नाही.

सायंकाळी रेल्वेतून निवृत्त झालेले एक पालक मेजाखाली वाकले आणि हसले. वीज केवळ भोपाळच्या टोकाला दोन तारांनी दिलेली. पुढे ती रुळांतूनच जाणार. हे रूळ जर्मन सिल्व्हरचे. नावात चांदी असली तरी या धातूत तांबे, निकेल आणि जस्तच असते, आणि तांब्याच्या मानाने तो वीज फारच कमी वाहून नेतो. त्यात रुळांचे सांधे सैल. बारा व्होल्टपैकी पुलापर्यंत पुरेसे उरतीलच कसे?

उपाय साधा होता. मेजाखालून या टोकापासून त्या टोकापर्यंत जाड तांब्याच्या दोन मुख्य तारा न्यायच्या, एक लाल, एक काळी. आणि दर मीटरवर आखूड पोटतारांनी त्या रुळांना जोडायच्या. लाल तार सदैव एकाच रुळाला. सांधा नुसता पिळून सोडायचा नाही. डाख लावून वर वेष्टन द्यायचे.

तार किती जाड असावी? दहा मीटर जाण्यायेण्याचे वीस मीटर होतात. दोन अँपिअर प्रवाहाला अर्ध्या चौरस मिलिमीटरची तार सुमारे दीड व्होल्ट गिळते. अडीच चौरस मिलिमीटरची केवळ ०.३. शेवटी रुळांवर ठिकठिकाणी नाणे आडवे ठेवून पाहावे. पुरवठा तत्काळ तुटला पाहिजे. न तुटल्यास तार वा सांधा कमकुवत समजावा. अशीच तार तापून आग लागते. अर्थात ही परीक्षा बारा व्होल्टच्या खेळण्यापुरतीच. घरच्या विजेशी कदापि नव्हे.

खऱ्या रेल्वेपुढेही हाच प्रश्न होता. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी मुंबईत व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला अशी देशातील पहिली विजेची गाडी धावली, ती १,५०० व्होल्टवर. तिला वीजकेंद्रे जवळजवळ लागत. आपल्या भोपाळच्या मार्गावर आज २५,००० व्होल्ट आहेत. दाब अधिक, म्हणून तेवढ्याच कामाला प्रवाह कमी, गळती कमी आणि केंद्रे दूरदूर. पुण्याला कधी गेलात, तर कोथरूडमधील भाऊसाहेब जोशी यांचे छोट्या रेल्वेचे संग्रहालय मुलांना अवश्य दाखवा. १९९८ साली ते खुले झाले. आणि गाड्यांबरोबर मेजाखालच्या तारांचाही विचार करायला सांगा.

दुसऱ्या दिवशी गाडी इटारसीला पोचली. प्रार्थनेच्या वेळी मी त्या मुलाची सर्वांदेखत क्षमा मागितली. बोललो होतो तेही सर्वांदेखतच. त्या दिवसापासून वर्गात शिरताना माझे लक्ष आधी शेवटच्या बाकाकडे जाते. तिथले मूल थांबले असेल, तर दोष त्याचाच असे आता मी चटकन म्हणत नाही. आपण दिलेले तिथवर पोचते का, हे आधी तपासतो.